जपलेला हात

कर्करोगाच्या उपचारांचा विषय निघाला की शस्त्रक्रिया आठवते, केमो आठवते, रेडिएशन आठवतं. ‘जड काही उचलू नका’ या वाक्याची गणना उपचारांत कोणी करत नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ते शेवटी कुठेतरी असतं, किंवा तोंडी सांगितलं जातं, आणि पथ्यपाण्याच्या बाकी सूचनांबरोबर ते घरात येऊन कायमचं राहतं. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या असंख्य बायकांनी हे वाक्य वर्षानुवर्षं पाळलं आहे. त्या बाजूच्या हातानं बादली उचलायची नाही, बाजाराची पिशवी धरायची नाही, मूल कडेवर घ्यायचं नाही. अमेरिकेत तर त्याला आकडाही जोडला जाई. कुठे पाच पौंड, कुठे पंधरा. तो आकडा कुठून आला याचा माग काढू लागलं की हाती काहीच लागत नाही, कारण त्यामागे चाचणी नव्हती. कॅथरिन श्मिट्झ या अमेरिकन संशोधिकेचं काम मला ज्या कारणासाठी मोलाचं वाटतं ते इथेच आहे. व्यायाम चांगला असतो हे सांगणारे पुष्कळ होते आणि आहेत. श्मिट्झ यांनी विश्रांतीकडे पुरावा मागितला. ‘उचलू नका’ हाही एक उपचारच आहे, तोही शरीरात बदल घडवतो, तेव्हा औषधाला जी परीक्षा द्यावी लागते ती त्यानंही दिली पाहिजे, असं धरून त्या चालल्या. पुढचं सगळं विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी त्या भीतीबद्दल बोललं पाहिजे, कारण ती खुळी नव्हती. स्तनातला कर्करोग पसरू लागला की तो बहुधा पहिल्यांदा काखेतल्या लसिकाग्रंथींत पोचतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी जी शस्त्रक्रिया रूढ केली तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढून टाकत. पुढे शस्त्रक्रिया लहान होत गेली, पण काखेतल्या ग्रंथी साफ करण्याची पद्धत दीर्घ काळ टिकली, आणि आजार पुढे गेलेला असेल तर आजही ती करावी लागते. हातातून परत येणारा लसिकाद्रव याच ग्रंथींतून जातो. वाटेतल्या ग्रंथी गेल्या, उरलेल्या वाटा रेडिएशननं आखडल्या, की द्रव साचतो आणि हात सुजतो. यालाच लिम्फेडिमा म्हणतात. तो शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी येऊ शकतो, तसाच काही वर्षांनीही येतो. एकदा आला की पूर्ण जात नाही. ब्लाउजची बाही चढत नाही, बांगड्या काढून ठेवाव्या लागतात, साधं खरचटलं तरी जंतुसंसर्गाची धास्ती राहते. जड काम केल्यानं हाताकडे रक्त जास्त जाईल, स्नायूंना बारीक इजा होईल, द्रव वाढेल आणि अरुंद झालेल्या वाटेला तो पेलवणार नाही, असा डॉक्टरांचा हिशेब होता. हिशेब सुसंगत होता. पण सुसंगत असणं वेगळं आणि तपासून खरं ठरणं वेगळं.

वैद्यकात अशी फसगत पूर्वीही झालेली आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चार-सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. दुखावलेल्या हृदयाला आराम हवा, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा होता. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा तेही अनेकांना धाडस वाटलं. रुग्ण दगावले नाहीत, उलट त्यांना बरं वाटलं. पुढे १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस इथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवून विश्रांतीचाच परिणाम मोजण्यात आला. विशीतल्या त्या मुलांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी तीच पाच माणसं पुन्हा तपासली, आणि असं दिसलं की तीन आठवड्यांच्या बिछान्यानं त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं तेवढं तीस वर्षांच्या वयवाढीनंही केलेलं नव्हतं. पाच माणसं म्हणजे फार थोडी, हे मान्य. तरी विश्रांती ही शरीरावर काहीच न करणारी, निरुपद्रवी गोष्ट आहे, हा समज त्यानंतर टिकायला नको होता. कर्करोगाच्या बाबतीत तो टिकला. एक तर आजाराची दहशत मोठी. आणि आजारी माणसाला हलू न देणं ही आपल्याकडेच काय, सगळीकडेच मायेची खूण समजली जाते. घरातली माणसं हातातलं काम काढून घेतात ती प्रेमापोटीच. त्यामुळे या सल्ल्याबद्दल शंका घेणं निष्ठुरपणाचं वाटे.

शंका घेणारे पहिले उल्लेखनीय गृहस्थ म्हणजे कॅनडातल्या व्हँकूव्हरचे क्रीडावैद्यक डॉन मॅकेंझी. १९९६ साली त्यांनी स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या चोवीस बायकांची एक तुकडी तयार केली, तिला आधी व्यायाम शिकवला आणि मग ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. ही लांबट होडी वल्हवताना खांदा, दंड, पाठ यांच्यावर एकसारखा आणि जोरकस भार येतो. म्हणजे जे करू नका असं सांगितलं जाई नेमकं तेच. हंगाम संपला तरी कोणाच्या हाताला नवी सूज आली नाही, ज्यांना होती त्यांची वाढली नाही. १९९८ साली मॅकेंझींनी हे कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात लिहिलं आणि पुढे जगभर अशा बायकांच्या होड्या पाण्यात उतरल्या. पण चोवीस जणी, त्याही हौसेनं आलेल्या, आणि शेजारी ताडून पाहायला दुसरा गट नाही. एवढ्यावर कोणताही सावध शल्यचिकित्सक आपला सल्ला बदलणार नाही, आणि बदलू नये. श्मिट्झ यांचं शिक्षण व्यायामशास्त्राचं आणि साथरोगशास्त्राचंही. स्नायू कसा वागतो हे त्यांना ठाऊक होतं आणि एखादा निष्कर्ष कुठे कच्चा राहतो हेही. मिनेसोटा विद्यापीठात असताना त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पंचेचाळीस बायकांवर सहा महिन्यांची एक छोटी चाचणी केली. वजनांच्या व्यायामानं सूज वाढल्याचं तीत दिसलं नाही. तो अहवाल २००६ साली आला, आणि तोवर फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या छत्राखाली, मोठी चाचणी सुरूही झालेली होती.

ही चाचणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिचं सगळं सामर्थ्य तपशिलात आहे. हाताला आधीच लिम्फेडिमा असलेल्या १४१ बायका तीत होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटानं वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची, दुसऱ्यानं आपला नेहमीचा दिनक्रम चालू ठेवायचा. जागा निवडल्या त्या रुग्णालयातल्या खास खोल्या नव्हेत. गावातल्या कोणालाही वर्गणी भरून जाता येईल अशा व्यायामशाळा निवडल्या. पहिले तेरा आठवडे लहान गटांत, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. उरलेले एकोणचाळीस आठवडे आपलं आपण. व्यायामाच्या वेळी हातावर मापानं शिवलेली, दाब देणारी बाही घालायची. सुरुवात अगदी थोड्या वजनानं, काही प्रकारांत तर वजनच नाही. ठरलेले सेट, प्रत्येकात दहा वेळा, हे लागोपाठ दोन सत्रं जमलं आणि हातात जडपणा, ठणका, ताण असं काही जाणवलं नाही, तरच वजन वाढवायचं. आणि वाढवायचं तेही उपलब्ध असलेल्या लहानात लहान टप्प्यानं. मधे खंड पडला तर पुन्हा खाली यायचं. मात्र वर कुठे थांबायचं याची मर्यादा घातलेली नव्हती. ज्यांना पाच पौंडांची सीमा आखून दिली गेली होती त्यांच्याच हातांना ही मोकळीक मिळत होती, म्हणून मला या चाचणीतली ही एक अट सगळ्यांत धीराची वाटते.

सूज मोजण्याची रीत तर शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजची आहे. पाण्यानं काठोकाठ भरलेल्या उभ्या भांड्यात हात बुडवायचा आणि जेवढं पाणी बाहेर सांडेल ते मोजायचं. मग दुसरा हात. दोन हातांच्या पाण्यातला फरक म्हणजे सूज. वर्षअखेरीस हा फरक पाच टक्के किंवा त्याहून अधिक वाढलेल्या बायका व्यायामाच्या गटात ११ टक्के निघाल्या, दुसऱ्या गटात १२ टक्के. म्हणजे वजनांनी सूज वाढली नाही. पण लिम्फेडिमाच्या तज्ज्ञांनी तपासून ‘आजार बळावला’ असं ज्यांच्याबद्दल सांगितलं त्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात १४ टक्के आणि दुसऱ्या गटात २९ टक्के होतं, म्हणजे दुपटीहून किंचित जास्त. जपलेले हात जास्त वेळा बिघडले. वजनं उचलणाऱ्यांची ताकद वाढली, त्यांना होणारा त्रास सौम्य झाला. ऑगस्ट २००९ मध्ये हे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. पुढच्या वर्षी त्याच कामाचा दुसरा भाग जामा या नियतकालिकात आला. त्यात हाताला अजून सूज न आलेल्या, पण काखेतल्या ग्रंथी काढल्यामुळे धोका असलेल्या १५४ बायका होत्या. वर्षभरात सूज आलेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ११ टक्के, दुसऱ्यात १७ टक्के. पाच किंवा जास्त ग्रंथी काढलेल्यांपुरतं पाहिलं तर ७ टक्के आणि २२ टक्के. इथे सावध राहायला हवं. ही चाचणी ‘व्यायामानं अपाय होत नाही’ एवढंच दाखवायला बेतलेली होती. व्यायामानं सूज टळते असा दावा त्या आकड्यांवर उभा करणं म्हणजे छोट्या पायावर मोठं घर बांधणं होईल, आणि ते घर खुद्द श्मिट्झ यांनीही बांधलेलं नाही.

मग या कामानं काय सिद्ध झालं? माझ्या मते, एका चुकीच्या हिशेबात राहिलेली रक्कम त्यानं भरून काढली. जुना हिशेब फक्त वजनाकडे पाहत होता, हाताकडे पाहत नव्हता. समजा, एखाद्या हाताची एका वेळी जास्तीत जास्त सहा किलो उचलण्याची कुवत उरली आहे. पाच किलोची पिठाची पिशवी त्या हाताला जवळजवळ कमाल भार आहे. इजा होण्याची शक्यता तिथे खरोखरच मोठी. तोच हात सराव करत बारा किलोंपर्यंत गेला तर तीच पिशवी निम्म्याहून कमी भाराची होते. पिशवी बदलली नाही, धोका मात्र बदलला. आता ‘उचलू नका’ हा सल्ला तंतोतंत पाळला तर काय होतं ते पाहा. हात वापरला नाही की स्नायू झडतात, कुवत सहावरून पाचावर, पाचावरून चारावर येते, आणि एके दिवशी गाडीत चढताना दांडी धरून झोक सावरावा लागतो किंवा घसरणारं पोर पटकन पकडावं लागतं. आयुष्य तर कोणाला सवलत देत नाही. सल्ल्यानं ज्या अपघातापासून वाचवायचं ठरवलं होतं त्याच अपघातासाठी हात तयार होत गेला. शिवाय लसिकाद्रव पुढे ढकलायला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांची स्वतःची आकुंचनं आणि आजूबाजूच्या स्नायूंची हालचाल यांवरच तो पुढे सरकतो. स्थिर ठेवलेल्या हातात ती मदतही कमी होते.

आक्षेप घेणारे म्हणतील, आणि त्यांनी म्हणायलाच हवं, की अशा चाचण्यांत मुळात व्यायामाची तयारी असलेल्या बायकाच येतात. खरं आहे. गट चिठ्ठ्यांनी पाडल्यामुळे दोन्ही बाजूंना तशाच बायका आल्या, म्हणून तुलना खरी राहते. पण व्यायामाला नकार देणाऱ्या बाईला तोच फायदा होईल असं त्यावरून म्हणता येत नाही. दुसरं, गोळी कोणती हे रुग्णापासून लपवता येतं, वजन कसं लपवणार? आपण व्यायाम करतो आहोत हे कळल्यानंच माणसाला बरं वाटू शकतं. म्हणून तर सांडलेल्या पाण्याचं माप महत्त्वाचं. पाण्याला कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नसतं. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो श्मिट्झ यांच्याच पुढच्या कामातून आला. २०१९ साली जामा ऑन्कॉलॉजीमध्ये त्यांच्या गटानं आणखी एक चाचणी प्रसिद्ध केली. वजन जास्त असलेल्या आणि हाताला लिम्फेडिमा असलेल्या ३५१ बायकांपैकी काहींना घरी करायचा व्यायाम दिला, काहींना वजन घटवण्याचा कार्यक्रम, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. वर्षानं लिम्फेडिमात गटागटांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. जो परिणाम व्यायामशाळेत मिळाला तो घरी मिळाला नाही. आपल्या आधीच्या कामाला उणेपणा आणणारा निष्कर्ष तितक्याच उघडपणे छापणाऱ्या संशोधकाबद्दल माझा आदर वाढतो. या निष्कर्षानं माझा मुद्दा कमकुवत होत नाही, पण त्याला आकार येतो: व्यायाम औषधासारखा मानायचा तर मात्रा, वाढ, देखरेख ही सगळी औषधाचीच शिस्त त्याला लागू होते. ‘घरी थोडं काहीतरी करत जा’ ही मात्रा नाही.

हातापुरताच हा प्रश्न असता तर त्याला इतकी पानं लागली नसती. केमो चालू असताना स्नायूंचं काय होतं हा त्याहून मोठा विषय आहे. केमोची मात्रा बहुतेक वेळा शरीराच्या पृष्ठफळावर ठरवतात आणि ते पृष्ठफळ उंची व वजनावरून काढतात. सूत्र १९१६ सालचं आहे. या सूत्राला वजन दिसतं, त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती हे दिसत नाही. साठ किलोच्या दोन बायकांना सारखीच मात्रा मिळते, मग एकीच्या अंगात स्नायू भरपूर असोत आणि दुसरीच्या अंगात झडलेले असोत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात कार्ला प्राडो आणि विकी बाराकोस यांनी स्कॅनवरून स्नायू मोजून दाखवलं की स्नायू झडलेल्या रुग्णांना औषधाचे दुष्परिणाम जास्त सोसावे लागतात. त्याच विद्यापीठातल्या केरी कॉर्निया यांनी २००७ साली स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या २४२ बायकांचे तीन गट केले: एक वजनांच्या व्यायामाचा, एक चालणं-सायकल अशा दमश्वासाच्या व्यायामाचा, एक नेहमीच्या काळजीचा. ठरलेल्या केमोपैकी प्रत्यक्षात किती घेता आली हे पाहिलं तर नेहमीच्या काळजीच्या गटात सुमारे ८४ टक्के आणि वजनं उचलणाऱ्यांत जवळपास ९० टक्के निघाली. फरक डोळे दिपवणारा नाही. पण मात्रा कमी करावी लागणं, फेरी पुढे ढकलावी लागणं हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना या पाच-सहा टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पुरुषांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये डॅनियल गॅल्व्हाओ आणि रॉबर्ट न्यूटन यांनी असंच काम केलं. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक दाबणारी औषधं देतात आणि त्यांनी स्नायू भराभर उतरतात. २०१० साली त्यांनी ५७ रुग्णांच्या चाचणीत दाखवलं की बारा आठवड्यांच्या ताकदीच्या आणि दमश्वासाच्या एकत्र व्यायामानं, औषध चालू असतानाही, स्नायू वाढतात.

आयुष्य वाढतं का, हा प्रश्न वाचकाच्या मनात एव्हाना आलाच असेल. इथे फार जपून बोललं पाहिजे, कारण आशेच्या बाजारात या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महाग विकलं जातं. पुष्कळ वर्षं पुरावा होता तो केवळ निरीक्षणाचा: जे जास्त हालचाल करतात ते जास्त जगतात. पण जे कमी आजारी आहेत तेच जास्त हालचाल करू शकतात, तेव्हा कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही. जून २०२५ मध्ये शिकागोतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत आणि त्याच वेळी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये कॉर्निया, ख्रिस्तोफर बूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘चॅलेंज’ नावाची चाचणी आली. प्रामुख्यानं कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली ५५ केंद्रं, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण केलेले ८८९ रुग्ण. एका गटाला आरोग्याची माहितीपुस्तिका दिली, दुसऱ्याला पुस्तिकेबरोबर तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली व्यायाम. पाच वर्षांनी आजार न उलटता जगत असलेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्यात ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ आणि ८३.२ टक्के. इतका फरक पाडणाऱ्या औषधाची पहिल्या पानावर बातमी होते. स्नायू आणि सांध्यांच्या तक्रारी मात्र व्यायामाच्या गटात जास्त होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५, किंमत शून्य नव्हती. आणि हे नीट लक्षात ठेवायला हवं की ही चाचणी एका प्रकारच्या कर्करोगाची, विशिष्ट टप्प्याची, आणि भर दमश्वासाच्या व्यायामावर असलेली होती. बहुतेकांनी भरभर चालूनच आपलं उद्दिष्ट गाठलं. वजनांच्या व्यायामानं स्तनाच्या कर्करोगात आयुष्य वाढतं असं तिच्या आधारे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ताकदीच्या व्यायामाचा पुरावा वेगळा आहे आणि तो स्वतःच्या पायावर उभा आहे: हात वापरता येणं, केमो सोसणं, स्नायू टिकणं.

एक आक्षेप वैद्यकाचा नाही, माणुसकीचा आहे. ज्या बाईला केमोनंतर चार दिवस उठून पाणी घ्यायचं त्राण नसतं तिला वजनं उचल म्हणणं क्रूरपणा नाही का? आणि उद्या आजार उलटला तर ‘तू व्यायाम केला नाहीस म्हणून’ असं तिला कोणी ऐकवणार नाही कशावरून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते स्पष्ट आहे. चॅलेंज चाचणीत नियमानं व्यायाम करूनही काहींचा आजार उलटला, आणि व्यायाम न करणाऱ्या चौघांतल्या जवळपास तिघांचा पाच वर्षांत उलटला नाही. अशा आकड्यांवरून एका रुग्णाला दोष देणं हे अडाणीपणाचं आहे, आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनी ते करू नये. पहिल्या प्रश्नाबद्दल इतकंच सांगता येतं की कर्करोगाचा थकवा झोपेनं जात नाही, आणि व्यायामानं तो कमी होतो हे या क्षेत्रातल्या सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे. २०२४ साली नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या एका चाचणीत स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या ३५७ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना नऊ महिने देखरेखीखाली व्यायाम दिला गेला. त्यांचा थकवा घटला, जगण्याची प्रत सुधारली. तरीही प्रत्येकाला, प्रत्येक दिवशी, असं मुळीच नाही. हाडांत आजार पोचला असेल, प्लेटलेट्स खाली आल्या असतील, ताप असेल, रक्त फार कमी असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलणं भाग आहे. काही दिवस फक्त पडून राहण्याचेच असतात. श्मिट्झ यांच्या चाचणीत खंड पडल्यावर वजन उतरवण्याचा नियम याचसाठी होता, आणि त्या नियमात मला पुष्कळ करुणा दिसते.

मराठी वाचकाला आणखी एक शंका येईल, आणि ती इतर कोणत्याही शंकेपेक्षा आपल्या घराच्या जवळची आहे: आमच्या बायका दिवसभर राबतातच, त्यांना वेगळा व्यायाम कशाला? भारतीय स्त्रियांत स्तनाचा कर्करोग आज सर्वांत जास्त आढळतो, आणि निदान उशिरा होत असल्यानं काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. अशा बाईला ‘जड उचलू नका’ हा सल्ला मिळतो आणि पाणी तर भरावंच लागतं. मग ती उचलते, पण चोरी केल्यासारखं मन खात असताना. आणि हात सुजला की दोष स्वतःकडे घेते. घरकामात भार आहे, पण चढण नाही. दहा लिटरची बादली पहिल्या दिवशीही दहा किलोची असते आणि शंभराव्या दिवशीही. अर्ध्या किलोपासून सुरू होणारी बादली कोणाच्या न्हाणीघरात नसते, आणि हात ठणकला म्हणून आज निम्मंच धुणं, असं ऐकून घेणारं घरही क्वचित. व्यायामाचा भार निवडलेला असतो, मोजलेला असतो, दोन दिवसांच्या मधे विसावा असतो. म्हणून राबणारा हात सराव झालेला असेलच असं नाही. पुष्कळदा तो फक्त दमलेला असतो. त्याचबरोबर हेही खरं की यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. वाळूनं भरलेल्या बाटल्यांना वजन असतं, आणि ते तराजूवर मोजता येतं. लागतो तो शिकवणारा माणूस. आणि या प्रकारच्या कामाची पद्धतशीर परीक्षा इथे घेता येत नाही असंही नाही; परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं स्तनाच्या कर्करोगाच्या शेकडो रुग्णांना सामील करून योगाची चाचणी घेतली आहेच.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेनं २०१८ साली जगभरच्या तज्ज्ञांना एकत्र आणून या विषयावरचा पुरावा पुन्हा चाळला. त्या बैठकीच्या सूत्रधारांत श्मिट्झ होत्या. २०१९ मध्ये आलेल्या शिफारशींत ताकदीच्या व्यायामासाठी चक्क मात्रा लिहिलेली आहे: आठवड्यातून दोनदा, प्रत्येक प्रकाराचे किमान दोन सेट, प्रत्येक सेटमध्ये आठ ते पंधरा वेळा, आणि एका वेळी उचलता येणाऱ्या कमाल वजनाच्या निदान साठ टक्के वजन. घरी सोडताना दिलेल्या त्या कागदावर ‘जड काही उचलू नका’ या ओळीच्या जागी काय यायला हवं याचा कच्चा आराखडा इथे तयार आहे. कोणत्या दिवशी सुरुवात करायची, किती वजनानं, किती वेळा; बाही घालायची की नाही; कोणत्या लक्षणाला थांबायचं; खंड पडला तर किती खाली यायचं. आणि शेवटच्या रकान्यात, हात जड वाटला तर ज्याला फोन करायचा, त्या शिकवणाऱ्याचं नाव. बाकीचे रकाने आज भरता येतात. हा शेवटचा रकाना भरायला लागणारा माणूस आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत अजून नेमलेलाच नाही.